जुन्या फाउंटन पेनांची पारख

जुन्या फाउंटन पेनांचा संग्रह म्हटला की सोन्याचा मुलामा असलेली, लिलावात चढ्या भावाने जाणारी पेने डोळ्यांपुढे येतात. परंतु या छंदात पारख शिकवतात ती कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठी मोठ्या संख्येने तयार झालेली साधी पेनेच, कारण त्यांच्या बाबतीत दुर्मिळतेचा आधार घेता येत नाही आणि एकेक भाग तपासूनच मोल ठरवावे लागते. अमेरिकेतील एस्टरब्रुक कंपनीचे ‘जे’ हे पेन अशा अभ्यासासाठी फार चांगले आहे.

रिचर्ड एस्टरब्रुक यांनी १८५८ मध्ये ही कंपनी स्थापन केली आणि न्यू जर्सी राज्यातील कॅमडेन येथे तिचा कारखाना नावारूपाला आला, तो पोलादी निबांसाठी, म्हणजे दांडीत खोचून आणि दौतीत बुडवून लिहिण्याच्या टाकाच्या निबांसाठी. टाकाची निब झिजली की ती काढून दुसरी घालायची, ही रीत या कंपनीच्या अंगवळणी पडलेली होती आणि फाउंटन पेनांच्या धंद्यात उतरल्यावरही तिने ती सोडली नाही. १९३० च्या दशकात एक डॉलरला विकले जाणारे पेन काढताना तिने निब, निबेखालून शाई पुरवणारी जीभ आणि या दोहोंना धरून ठेवणारी आट्यांची कडी मिळून एकच सुटा भाग केला, जो बोटांनी फिरवून काढता आणि बसवता येतो. १९४० च्या दशकात आलेल्या ‘जे’ पेनातही हीच व्यवस्था कायम राहिली, आणि त्याची आजची किंमत मुख्यतः तिच्यामुळेच ठरते.

प्रत्येक निबेवर चार आकडी क्रमांक कोरलेला असतो. १ किंवा २ या आकड्याने सुरू होणाऱ्या निबांचे टोक पोलादच वळवून केलेले असल्याने ते लवकर झिजते. ९ ने सुरू होणाऱ्या निबांच्या टोकाला मात्र अतिशय कठीण मिश्रधातूचा कण जोडलेला असतो, त्यामुळे त्या दीर्घकाळ टिकतात. २६६८ ही सर्वसाधारण मध्यम निब सहज मिळते, ९५५५ ही ग्रेग पद्धतीच्या लघुलिपीसाठी केलेली आहे, तर ९१२८ ही अतिबारीक आणि दाबाला लवचीक निब असल्याने तिला इतकी मागणी असते की पुष्कळदा एकटी निबच साध्या निबेसह मिळणाऱ्या संपूर्ण पेनापेक्षा महाग पडते. म्हणून विकत घेणाऱ्याने सर्वप्रथम टोपण काढून क्रमांक वाचावा, आणि मग दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली टोक पाहावे. निबेची दोन्ही पाती समोरून एका रेषेत असली पाहिजेत. टोकावर एका बाजूला सपाट उतार दिसला, तर आधीच्या मालकाच्या हाताच्या कोनाप्रमाणे ते घासले गेले आहे असे समजावे, आणि दुसऱ्याच्या हातात अशी निब कागदावर खरखरण्याची शक्यता धरून चालावे.

यानंतर शाई भरण्याची यंत्रणा पाहावी. ‘जे’ पेनाच्या दांडीवर एक छोटी तरफ असते. ती उचलली की आतली पोलादी पट्टी रबरी नळी दाबते आणि तरफ मिटल्यावर फुगणारी नळी शाई ओढून घेते. कित्येक दशकांनी हे रबर कडक होते, आणि मग तरफ हलत नाही. अशा वेळी जोर लावल्यास तरफ किंवा दांडीच मोडते. मात्र नळी निकामी असणे हा या पेनाचा किरकोळ दोष मानावा: निबेजवळचा भाग केस वाळवण्याच्या यंत्राच्या बेताच्या उष्णतेने सैल करून ओढून काढता येतो, आणि योग्य मापाची नवी नळी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याने, म्हणजे लाखेपासूनच केलेल्या जुन्या परिचित पदार्थाने, चिकटवता येते. जुन्या पेनांपैकी पुष्कळ सेल्युलॉइडची असतात आणि सेल्युलॉइड भडकन पेट घेते, म्हणून ज्योत त्यांच्या जवळपासही नेऊ नये.

याउलट टोपणाच्या काठावरील केसासारखी बारीक चीर स्वस्त पेनाची किंमत एकदम खाली आणते, कारण ती सांधण्याचा खर्च पेनाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. दोष किती मोठा दिसतो यापेक्षा तो किती खर्चात निघतो हे येथे महत्त्वाचे ठरते, आणि नवशिके नेमके येथेच चुकतात: बंद पडलेले पण अखंड पेन ते नाकारतात आणि चकाकणारे पण तडकलेले पेन घेऊन बसतात. १९२० आणि १९३० च्या दशकांतील सेल्युलॉइडच्या फिकट पेनांत आणखी एक दोष आढळतो. रबरी नळीतून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूंमुळे दांडी काळवंडते, तर नळीपासून दूर असलेले टोपण मूळ रंग राखून असते. दोन्ही भाग दिवसाच्या उजेडात शेजारी धरले की हा फरक लगेच कळतो, आणि तो घालवण्याचा खात्रीचा उपाय नाही. एबोनाइटच्या, म्हणजे गंधकासह तापवून कठीण केलेल्या रबराच्या, काळ्या पेनावर उन्हाने आणि पाण्याने तपकिरी छटा येते, म्हणून असे पेन स्वच्छ करण्यासाठी पाण्यात बुडवून ठेवणे टाळावे.

थोडे अधिक पैसे खर्च करू शकणाऱ्याने पार्कर ५१ कडे वळावे. १९४१ मध्ये अमेरिकेत १२.५० डॉलरला आलेले हे पेन साधे नव्हते, पण ते इतक्या प्रमाणात विकले गेले की त्याचे सामान्य नमुने आजही आवाक्यात आहेत. त्याची आरंभीची भरणी रबरी पडद्यावर चालते आणि तो पडदा बदलण्यासाठी खास हत्यार लागते; १९४८ पासून आलेल्या दुसऱ्या प्रकारात प्लॅस्टिकची पारदर्शक नळी आहे, आणि ती अनेक पेनांत अजूनही मूळचीच असून काम देते. प्रथमच घेणाऱ्याला हा दुसरा प्रकार अधिक निर्धास्त ठरतो.

भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेली रक्कम बाजूला ठेवून तसेच पेन प्रत्यक्षात किती रुपयांना विकले गेले ते पाहावे, आणि दुरुस्त झालेल्या व न झालेल्या पेनांचे भाव एकमेकांत मिसळू नयेत. दांडीवरील कोरीव नाव स्पष्ट असेल तर किंमत वाढते. ते पुसट असून पृष्ठभाग मात्र आरशासारखा असेल, तर पेन अतिरिक्त घासले गेले आहे. बहुतेक कंपन्यांच्या पेनांत दुसऱ्या पेनाची निब आढळली तर संग्राहक मोल कमी करतात, आणि ते योग्यच आहे. एस्टरब्रुकला मात्र हा नियम लावता येत नाही, कारण दुकानातील फळीवर मांडलेल्या निबांतून आपल्या हाताला मानवेल ती निवडून ग्राहकाने पेनात बसवून घ्यावी, याच हेतूने ते पेन घडवलेले होते.