मुदतीआधी फिटणारे गृहकर्ज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गृहकर्ज मुदतीच्या आधी फेडावे की नाही, या प्रश्नावर मराठी मध्यमवर्गीय घरांत बहुधा दोन टोकाची मते आढळतात. आधीच्या पिढीला कर्ज म्हणजे लवकरात लवकर उतरवायचे ओझे वाटते, तर नव्या पिढीला गृहकर्ज हे स्वस्तात मिळालेले भांडवल वाटते आणि ते सावकाश फेडण्यातच शहाणपण दिसते. दोन्ही मतांत हिशेबापेक्षा स्वभावाचा वाटा मोठा असतो. मुदतपूर्व फेड ही मुळात एक गुंतवणूक आहे: तिचा परतावा कर्जाच्या व्याजदराइतका असतो, तो निश्चित असतो आणि वाचलेले व्याज हे उत्पन्न नसल्याने त्यावर आयकर लागत नाही; मात्र एकदा भरलेली रक्कम सहसा परत काढता येत नाही. पुढे चर्चिलेले बहुतेक गैरसमज या चार गोष्टींपैकी एखादीचा विसर पडल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

मुदतीआधी पैसे भरले तर बँक दंड आकारते, ही समजूत एके काळी खरी होती. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील ६० व्या कलमाने कर्जदाराला गहाण सोडवण्याचा हक्क दिला असला, तरी तो मुद्दल देय झाल्यानंतरचा आहे. त्याआधी पैसे भरण्याची मुभा करारावर अवलंबून राहते, आणि करार लिहिणाऱ्या बँकांनी त्यात शुल्काचे कलम घातले होते. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये व्यक्तींना दिलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवर असे शुल्क घेण्यास बँकांना मनाई केली. पुढे जुलै २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनी हा नियम व्यापक झाला. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या, व्यक्तीने व्यवसायेतर कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही, मग पैसा स्वतःचा असो वा दुसऱ्या बँकेकडून आणलेला, आणि अमुक महिने थांबण्याची अटही घालता येत नाही. स्थिर दराच्या कर्जाची गोष्ट वेगळी आहे. तेथे करारपत्रातील शुल्काचे कलम वाचल्याखेरीज निर्णय घेऊ नये. काही काळ स्थिर आणि नंतर बदलता असा मिश्र दर असेल, तर पैसे भरण्याच्या वेळी कोणता दर चालू आहे यावर शुल्क ठरते.

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे. बँक सुरुवातीच्या वर्षांतच सगळे व्याज वसूल करून घेते, त्यामुळे अर्धी मुदत उलटल्यावर जादा पैसे भरण्यात अर्थ नाही, असे हप्त्यांचे वेळापत्रक पाहिलेली माणसेही ठामपणे सांगतात. वस्तुतः बँक आगाऊ व्याज घेत नाही. ज्या महिन्यात जेवढे मुद्दल शिल्लक असते, त्यावर त्या महिन्याचे व्याज लागते. पन्नास लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४३,३९१ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि जेमतेम ७,९७४ रुपये मुद्दलात जमा होतात, याचे कारण त्या महिन्यात पूर्ण पन्नास लाख रुपये वापरात असतात, एवढेच आहे. याच कर्जात एक वर्षानंतर दोन लाख रुपये जादा भरून हप्ता तोच ठेवला, तर एकूण व्याजात सुमारे सात लाख तीस हजार रुपये वाचतात. तेच दोन लाख पंधरा वर्षांनी भरले, तर बचत सुमारे एक लाखाची होते. हा फरक पाहून उशिरा केलेली फेड वाया जाते असा निष्कर्ष काढला जातो आणि तो चुकीचा आहे. दोन्ही वेळी रुपया वर्षाला साडेआठ टक्केच मिळवतो. पहिल्या वेळी त्याला काम करायला जवळजवळ अठरा वर्षे मिळतात आणि दुसऱ्या वेळी पाचही मिळत नाहीत. पंधराव्या वर्षी हाती आलेल्या रकमेची तुलना पहिल्या वर्षीच्या रकमेशी करण्यात काहीच हशील नाही. तुलना करायची ती त्या दिवशी उपलब्ध असलेल्या अन्य पर्यायांशी.

जादा रक्कम भरली की काम झाले, असे मानणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट येत नाही. भरलेल्या रकमेचा परिणाम दोन प्रकारे करता येतो: हप्ता तोच ठेवून मुदत घटवणे किंवा मुदत तीच ठेवून हप्ता घटवणे. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षानंतर दोन लाख भरून हप्ता घटवला, तर तो सुमारे १,७७० रुपयांनी कमी होतो आणि अखेरपर्यंतची व्याजबचत दोन लाखांच्या आसपास राहते. मुदत घटवल्यास ती सात लाखांवर जाते. उत्पन्नाची खात्री नसलेल्या कुटुंबाला लहान हप्ता अधिक उपयोगी पडू शकतो, पण निवड कर्जदाराची असावी आणि ती लेखी कळवलेली असावी. काही संस्थांत नुसतीच रक्कम कर्जखात्यात टाकल्यास ती पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा मानली जाते व मुद्दल जागचे हलत नाही.

मुदतीचा प्रश्न उलट्या दिशेनेही उभा राहतो, याचा अनुभव २०२२-२३ मध्ये असंख्य कर्जदारांनी घेतला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानदंडाशी जोडणे बंधनकारक झाले आहे. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक अन्य बँकांना अल्प मुदतीचा पैसा ज्या दराने देते तो दर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि बँकांनी बहुधा हप्ता न वाढवता मुदत वाढवली. पावणेसात टक्क्यांनी नुकतेच घेतलेल्या पन्नास लाखांच्या कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता सुमारे ३८,००० रुपये होतो. दर सव्वानऊ टक्के झाला आणि मुद्दल जवळजवळ तेवढेच असले, तर एका महिन्याचे व्याजच साडेअडतीस हजार भरते. म्हणजे नियमित हप्ता भरूनही कर्ज वाढू लागते. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने हा प्रकार रोखण्याची जबाबदारी बँकांवर टाकली आणि दर बदलताना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे, स्थिर दराकडे वळणे किंवा अंशतः वा पूर्ण फेड करणे हे पर्याय कर्जदारापुढे ठेवण्यास सांगितले. हप्ता बदलला नाही म्हणजे कर्ज जागच्या जागी आहे, ही समजूत त्यामुळे धोक्याची ठरते. दर घटल्यावर हप्ता कमी करून न घेता तोच चालू ठेवणे, ही मुदतपूर्व फेडीची सर्वांत कमी जाणवणारी रीत आहे.

‘कर वाचतो म्हणून कर्ज ठेवावे’ हा सल्ला तर करसल्लागारांच्या तोंडूनही ऐकू येतो. १९६१ च्या आयकर कायद्यात रूढ झालेल्या जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला कमाल दोन लाख रुपयांपर्यंत मिळते, आणि नव्या करप्रणालीत अशा घरासाठी ती मिळतच नाही. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ४ लाख २१ हजार होते. त्यातील निम्म्याहून अधिक भागावर कसलीही सवलत नाही, आणि मुदतपूर्व फेडीने आधी कमी होते ते हेच सवलत नसलेले व्याज. साडेआठ टक्के दराने शिल्लक मुद्दल साधारण साडेतेवीस लाखांच्या खाली उतरेपर्यंत जादा भरण्यामुळे करसवलतीचा एक रुपयाही बुडत नाही. त्यानंतरही तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याला शंभर रुपये व्याजामागे उपकरासह ३१ रुपये परत मिळतात. उरलेले ६९ रुपये खिशातूनच जातात.

गुंतवणूक नेहमीच अधिक फायद्याची, हे विधान कोणत्या गुंतवणुकीबद्दल आहे यावर त्याचे खरेखोटेपण अवलंबून असते. मुदत ठेवीचे व्याज करपात्र असल्याने साडेआठ टक्क्यांच्या कर्जासमोर ती टिकत नाही, तरीही एका हाताने ठेव आणि दुसऱ्या हाताने गृहकर्ज सांभाळणारी कुटुंबे विपुल आहेत. शेअर बाजाराशी निगडित म्युच्युअल फंड दीर्घकाळात अधिक देऊ शकतात, पण तेथे परतावा अनिश्चित असतो आणि कर्जफेडीत तो ठरलेला असतो. या दोन परताव्यांची सरळ वजाबाकी करणे शास्त्रशुद्ध नाही. मात्र क्रेडिट कार्डाची थकबाकी शिल्लक असताना किंवा काही महिन्यांचा घरखर्च हाताशी नसताना गृहकर्जात पैसे ओतणे हे उतावीळपणाचे आहे, कारण नोकरी गेल्यावर बँक आधी भरलेले पैसे परत देत नाही. ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जात जादा रक्कम खात्यात ठेवून व्याज वाचवता येते आणि गरजेला ती काढताही येते. त्याबदली दर थोडा अधिक असतो.

मोठी रक्कम साठल्याखेरीज फेड करता येत नाही, हेही तितकेसे खरे नाही. उदाहरणातील हप्त्यात दरमहा फक्त पाच हजारांची भर घातली, तर २४० ऐवजी १८७ हप्त्यांत कर्ज संपते आणि सुमारे चौदा लाखांचे व्याज वाचते. दोघे कमावते असलेल्या घरात यासाठी एक सामाईक खाते ठरवले जाते आणि दिवाळीचा बोनस किंवा वेतनवाढीतील वाटा त्यात जातो. काही जण त्यासाठी भिशी लावतात. बारा जणांच्या, दरमहा दहा हजारांच्या, लिलाव नसलेल्या भिशीत पहिली पाळी मिळालेल्याने एक लाख वीस हजार लगेच कर्जात भरले, तर दरमहा स्वतंत्रपणे भरण्याच्या तुलनेत त्याला सुमारे ४,७०० रुपयांचा लाभ होतो आणि शेवटच्या पाळीवाल्याला तेवढाच तोटा. भिशी बचतीची शिस्त लावते, व्याज देत नाही. शिवाय १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंद नसलेल्या भिशीत कुणी पैसे बुडवले तर दाद मागणे अवघड होते.

सामाईक फेडीबाबतचा सर्वांत महागडा गैरसमज मालकीचा आहे. हप्ते भरल्याने कोणी मालक होत नाही. मालक तो, ज्याचे नाव नोंदणीकृत खरेदीखतात आहे. सहकर्जदार मात्र संपूर्ण कर्जाला संयुक्तपणे व पृथकपणे बांधलेला असतो, म्हणजे दुसऱ्याने हात वर केले तर बँक सगळी रक्कम त्याच्याकडून मागू शकते. भावाच्या फ्लॅटचे हप्ते वर्षानुवर्षे भरणाऱ्या बहिणीला करसवलतही मिळत नाही, कारण त्यासाठी मालकी आणि कर्ज या दोन्हींत नाव लागते. वडिलांनी मुलाच्या कर्जासाठी दिलेली रक्कम जवळच्या नातलगाची भेट म्हणून करमुक्त असते, पण ती भेट आहे की उसनवारी, हे त्याच वेळी कागदावर आणावे. उसनवारीची वीस हजार वा अधिक रक्कम रोखीने देणे-घेणे कायद्याला मान्य नाही.

शेवटचा हप्ता गेला की घर मोकळे झाले, असेही समजले जाते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि गहाणाची नोंद काढणे बँकेवर बंधनकारक आहे. तिच्यामुळे विलंब झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. तरीही कर्जदाराला काही फेऱ्या चुकत नाहीत. कर्ज संपल्याचे पत्र घेऊन गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरातील बँकेचा बोजा कमी करवून घ्यावा लागतो. स्वतंत्र भूखंड किंवा शेतजमीन असेल, तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ स्तंभातील नोंद उतरवण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. महाराष्ट्रात हक्कलेख ठेवून केलेल्या गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल होत असल्याने पुढे घर विकताना खरेदीदाराच्या वकिलाला ती शोध अहवालात सापडते, आणि तेव्हा बँकेचे पत्र हाताशी नसेल तर व्यवहार अडकतो.