सगळेच एमएसच्या माथी नको

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंवरच्या मायलिन या आवरणावरच उलटते. आवरण झिजले की संदेश अडखळतात. नजर धूसर होते, पाय जड पडतात, लघवी आवरत नाही आणि झोपूनही न जाणारा थकवा येतो. आजार बहुधा विशी ते चाळिशीत गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून अधिक. आयुष्य काहीसे घटते, पण साठी-सत्तरी गाठणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न असा, की आज वाढलेला त्रास नेमका कशाचा?

नवी मुंबईजवळच्या तळोज्यासारख्या ठिकाणी पहिला संशयित उकाडा. अंगाचे तापमान अर्ध्या अंशाने चढले तरी झिजलेल्या तंतूंतून संदेश जाईनासे होतात. श्रमानंतर नजर तात्पुरती धूसर होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले; त्यामागे वाढलेले तापमान असते हे पुढे कळले. ही नवी इजा नसते. अंग निवले की त्रास ओसरतो. विदर्भात कूलर कामाला येतो, पण पनवेल-तळोज्याच्या दमट हवेत घामच वाळत नाही, तिथे कूलर काय करणार? त्यापेक्षा बर्फाचे पाणी घोट घोट पिणे, गार पाण्याची अंघोळ आणि बाजारहाट सकाळीच उरकणे बरे. तळोज्याजवळच्या पेंधरहून बेलापूरला जाणारी वातानुकूलित मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तीही इथे उपयोगी. तापाने किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गानेही असाच खोटा झटका येतो. म्हणून खऱ्या झटक्यावर देतात त्या स्टेरॉइडची घाई करण्याआधी लघवी तपासावी.

ताणाचे गणित गुंतागुंतीचे आहे. ताणाच्या काळानंतर झटक्यांचे प्रमाण वाढलेले दिसते, पण एखाद्याचा झटका अमक्याच भांडणाने आला असे सांगता येत नाही. घरच्यांनी स्वतःला दोष देत बसू नये. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२१ रुग्णांपैकी काहींना २४ आठवडे ताण हाताळण्याचे प्रशिक्षण दिले. त्या काळात त्यांच्या मेंदूत नवे व्रण कमी उमटले. प्रशिक्षण संपले तसा फायदाही संपला. प्राणायाम असो वा समुपदेशन, चार दिवसांच्या शिबिराने भागत नाही.

पन्नाशीनंतर झटके विरळ होतात, पण चालणे हळूहळू मंदावू शकते. त्यात वयाची दुखणी मिसळतात. पायांना मुंग्या मधुमेहाने किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही येतात, थकवा थायरॉइडचा असतो, धूसर नजर मोतीबिंदूची. इलाज होण्याजोगे दुखणे एमएसच्या नावावर खपून जाणे, हा उतारवयातला मोठा धोका. वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडने आणि कमी हालचालीने हाडे ठिसूळ होतात, त्यामुळे तोल गेला तर महागात पडते. न्हाणीघरात भिंतीला दांडी हवीच. वयाबरोबर औषधांचा फायदा घटतो आणि संसर्गाची भीती वाढते, हे खरे. तरी औषध बंद करायचे का, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून रुग्णांसाठी काम करते. मुंबई आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. लक्षणे दिवसागणिक बदलत असल्याने दिव्यांगत्वाच्या तपासणीला जाताना एमआरआय आणि जुने सगळे कागद बरोबर न्यावेत.