पोर्टरीव्ह : साक्षीतून उभे राहिलेले नगरराज्य

इंग्लंडमधल्या शहरांनी आपला कारभार आपल्या हाती कसा घेतला, ही कथा बहुधा मेयरपासून सुरू केली जाते. बाराव्या शतकाच्या अखेरीस हेन्री फिट्झ-एल्विन लंडनचा पहिला मेयर झाला आणि १२१५ साली राजा जॉनने दरवर्षी मेयर निवडण्याचा हक्क लंडनला सनद देऊन मान्य केला, असे सांगितले जाते आणि ते खरेच आहे. मुंबईला १७२६च्या राजसनदेने मेयर आणि आल्डरमन यांचे न्यायालय मिळाले, तेही याच परंपरेतून. त्यामुळे मेयर आपल्याला परका वाटत नाही. पण मेयरच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षे इंग्लिश गावांत एक वेगळा अधिकारी होता, आणि तो आपल्यापर्यंत कधी पोहोचला नाही. त्याचे नाव पोर्टरीव्ह. रीव्ह म्हणजे राजाचा किंवा जमीनदाराचा कारभारी. आणि पोर्ट म्हणजे इथे बंदरच असे नव्हे, तर बाजार भरवण्याची मुभा असलेले पेठेचे गाव. या पेठेच्या कारभाऱ्याकडे इतिहासकार सहसा करवसुली करणारा सरकारी माणूस म्हणून पाहतात आणि पुढे जातात. माझे म्हणणे असे की नगरस्वराज्याचे बी त्याच्याच कामात होते, आणि ते वसुलीपेक्षा साक्षीच्या कामात अधिक होते.

हे काम त्याच्याकडे का आले, ते दहाव्या शतकातल्या कायद्यांवरून स्पष्ट दिसते. व्हायकिंगांच्या स्वाऱ्यांना तोंड देण्यासाठी दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याच्या राजांनी तटबंदीची गावे वसवली, आणि तटाच्या आत बाजार आले. त्या काळातली मोठी डोकेदुखी होती चोरीची जनावरे. कुणाच्या दारात दुसऱ्याचा बैल सापडला, तर त्याला तो कुणाकडून घेतला हे दाखवून द्यावे लागे. विकणारा हजर करता आला नाही, तर घेणाराच चोर ठरण्याचा धोका. म्हणून एडवर्ड द एल्डर या राजाने फर्मावले की खरेदी पेठेतच व्हावी आणि तिला पोर्टरीव्हची किंवा भरवशाच्या इतर माणसांची साक्ष असावी. त्याचा मुलगा अ‍ॅथेलस्टन याने २० पेनींहून अधिक किमतीचा माल गावाबाहेर घेण्यास मनाई केली आणि नाणी पाडण्याचे कामही पेठांपुरतेच ठेवले. खोटे नाणे पाडणाऱ्याचा हात तोडून टांकसाळीवर टांगावा, अशी शिक्षा त्याच कायद्यात आहे. सौदा आणि नाणे, दोन्ही चारचौघांच्या नजरेखाली आणायचे, हा या सगळ्यामागचा हेतू. पोर्टरीव्ह ही त्या नजरेची अधिकृत जागा होती.

ही नजर प्रत्यक्षात कशी चाले, याचा एक नमुना कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनचा आहे. तिथल्या शुभवर्तमानांच्या एका जुन्या हस्तलिखितात दहाव्या-अकराव्या शतकांत गुलामांच्या मुक्ततेच्या नोंदी उतरवून ठेवल्या गेल्या. ते हस्तलिखित आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातली एक नोंद सांगते की ओंगिनेथेल नावाची बाई आणि तिचा मुलगा यांचा सौदा चर्चच्या दारात अर्ध्या पौंडाला झाला, आणि घेणाऱ्याने पोर्टरीव्ह व हंड्रेडचा, म्हणजे तालुकावजा विभागाचा, प्रमुख यांना चार पेनी जकात दिली. त्यानंतर त्याच माणसाने मायलेकांना संत पेट्रॉकच्या वेदीपाशी नेऊन मुक्त केले. आता दक्षिण इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला, ससेक्समधल्या लुइस गावी जाऊ. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-मिळकतीच्या नोंदवहीत, तिथले दर नोंदवले आहेत : घोडा विकणाऱ्याने रीव्हला एक पेनी द्यावी आणि घेणाऱ्यानेही एक; बैलासाठी अर्धी; आणि माणसासाठी चार. दोन्ही ठिकाणी माणसाच्या सौद्याची जकात तीच, चार पेनी. एवढ्या अंतरावर दर जुळावा, हे सवयीने मुरलेल्या व्यवस्थेचे लक्षण आहे. घोड्याच्या सौद्यात विकणारा आणि घेणारा दोघेही पैसे मोजतात, हेही महत्त्वाचे. नुसती वसुलीच करायची असती, तर एकाला गाठणे पुरले असते. दोघांकडून घेतलेली पेनी ही सौदा झाल्याची पावतीच होती.

इथे एक आक्षेप टाळता येणार नाही. माणसाच्या विक्रीवर जकात घेणारा आणि तिला साक्ष देणारा अधिकारी हा स्वराज्याचा पूर्वज कसा मानायचा? आक्षेप रास्त आहे. साक्षीने सौदा पक्का होतो; तो न्याय्य होत नाही. चारचौघांसमोर झालेला अन्यायही अन्यायच. पण ओंगिनेथेलची मुक्तता टिकायची, तर तीही साक्षीदारांच्या जोरावरच. उद्या कुणी तिच्यावर पुन्हा हक्क सांगितला असता, तर तिच्या बाजूने ती नोंद आणि त्या वेळी हजर असलेली माणसे एवढाच आधार होता. साक्षीची रीत स्वतः चांगली किंवा वाईट नसते. मात्र दुबळ्याच्या हाती ती पडली, तर तिच्याएवढा आधार त्या काळी दुसरा नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे : पोर्टरीव्ह हा राजाचा माणूस, गावाचा नव्हे. तोही सुरुवातीपुरता खरा. ७८९च्या सुमारास पोर्टलंडच्या किनाऱ्यावर उत्तरेकडच्या लोकांची जहाजे लागली, तेव्हा बेआडुहेअर्ड नावाचा राजाचा रीव्ह त्यांना व्यापारी समजून डॉर्चेस्टरहून घोड्यावर निघाला. त्याने त्यांना राजाच्या वाड्याकडे चलण्यास सांगितले आणि त्यांनी त्याला तिथेच ठार केले. परक्या व्यापाऱ्याला राजापुढे हजर करणे हे त्याचे काम होते. गावकऱ्यांचा त्यात काही वाटा नव्हता. पण पुढच्या दोनशे वर्षांत फरक पडला. राजा एडगरने दर मोठ्या नगरासाठी ३६ आणि लहान नगरासाठी १२ साक्षीदार निवडून त्यांना शपथ द्यावी, असा नियम केला. कोणत्याही खरेदीला त्यांतले दोघे-तिघे हजर हवेत. एका अधिकाऱ्याचे काम अशा रीतीने शपथबद्ध नागरिकांमध्ये वाटले गेले. साक्षीचा हा गुणच आहे : करवसुली एकट्याला करता येते, साक्ष द्यायला मात्र पंच लागतात.

१०६७च्या सुमारास विल्यमने लंडनला दिलेला लेख या बदलाचा पुरावा आहे. हेस्टिंग्जची लढाई जिंकलेल्या या नॉर्मन राजाने जुन्या इंग्लिश भाषेत, हातभरही नसलेल्या चर्मपत्राच्या पट्टीवर, तीन पक्षांना उद्देशून लिहवले : बिशप विल्यम, पोर्टरीव्ह गोसफ्रेग्थ आणि लंडनचे सगळे नागरिक, फ्रेंच व इंग्लिश दोन्ही. विजयाआधीच्या एडवर्ड राजाच्या (हा एडवर्ड द एल्डर नव्हे) काळचे कायदे त्यांना लागू राहतील आणि बापामागे मूल वारस होईल, असे त्याने कबूल केले. जिंकणारा राजा शहराशी बोलतो, तेव्हा त्याच्यासमोर पोर्टरीव्ह आणि नागरिक एकाच ओळीत उभे आहेत. पोर्टरीव्ह अजून राजाचा नोकर आहे, पण तो आता शहराच्या रिवाजांचाही धारक ठरला आहे.

आता राहिला मेयरचा मुद्दा. शपथबद्ध नागरिकांचे मंडळ ही कल्पना युरोपातल्या शहरांतून आली आणि पोर्टरीव्हचा तिच्याशी संबंध नाही, असे म्हटले जाते. लंडनपुरते त्यात तथ्य आहे. पण इप्सविचचे उदाहरण पाहा. १२००च्या मे महिन्यात जॉनने त्या गावाला सनद दिली. तिच्यात गावकऱ्यांना दिलेला हक्क म्हणजे रीव्हचे पद सांभाळण्यासाठी आपल्यातली दोन जाणती माणसे निवडण्याचा. जूनअखेर सेंट मेरी चर्चच्या आवारात गाव जमले, रीव्हचेच काम सांभाळणारे दोन बेलिफ निवडले गेले, आणि पुढे बारा मुख्य नागरिकांचे मंडळ आले, ज्यांना पोर्टमन म्हणत. साऱ्या गावाने धर्मग्रंथाच्या दिशेने हात उंचावून त्यांना साथ देण्याची शपथ घेतली. इथे नवे पद आयात झाले नाही; जुने कारभारीपणच निवडणुकीने गावाच्या हाती आले. बाहेरून आलेली कल्पना रुजली, कारण जमीन आधीच तयार होती.

मोठ्या शहरांत मेयर आले, पण लहान गावांत पोर्टरीव्ह टिकून राहिला. सफकमधल्या बेकल्सला १५८४ साली एलिझाबेथ राणीने सामाईक पाणथळ कुरणाचा कारभार पोर्टरीव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या हाती दिला. वेल्समध्ये स्वान्सीचा प्रमुख एकोणिसाव्या शतकापर्यंत पोर्टरीव्हच होता. याच काळात गावांचा कारभार पाहणाऱ्या जुन्या मंडळांवर गंभीर ठपका आला. कित्येक नगरमंडळे मूठभर घराण्यांची झाली होती. जागा आपसांत भरल्या जात आणि सामाईक मिळकतीचा हिशेब कुणी देत नसे. १८३५च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स कायद्याने १७८ नगरांत करदात्यांनी निवडलेली मंडळे आणली, आणि १८८३च्या कायद्याने उरलेली बहुतेक जुनी मंडळे मोडीत काढली. ठपका योग्यच होता. पण तो साक्षीच्या रीतीवर नाही, तर ती सोडून देण्यावर आहे. कारभार बंद दाराआड गेला, तेव्हाच तो सडला. १८३५च्या कायद्याने निवडलेले हिशेबतपासनीस नेमले, म्हणजे जुन्या पेठेची मूळ अटच नव्या रूपात परत आणली.

आज वेल्समधल्या लाहार्न गावात पोर्टरीव्ह दरवर्षी निवडला जातो. त्याच्या गळ्यात सोन्याच्या शिंपल्यांची माळ असते, आणि तिथले मंडळ मध्ययुगापासून चालत आलेल्या सामाईक जमिनीचा कारभार अजूनही पाहते. डेव्हनमधल्या अ‍ॅशबर्टनचा पोर्टरीव्ह उन्हाळ्यात बीअर चाखण्याच्या आणि पाव तोलण्याच्या समारंभात पुढे असतो. हा निव्वळ हौसेचा देखावा आहे, असे कुणी म्हणेल. अ‍ॅशबर्टनला ते बरेचसे लागू आहे, पण तिथेही जे जपले गेले ते काय, हे पाहिले पाहिजे : हुकूम सोडण्याचा मान नव्हे, तर माप तपासण्याचे काम.

नगरराज्य हक्कांच्या सनदांनी सुरू होते, असा आपला समज असतो. पोर्टरीव्हचा इतिहास सांगतो की सनदेच्या आधी एक सवय लागते : देणे-घेणे सर्वांसमोर करण्याची, त्याची नोंद ठेवण्याची आणि विचारले तर उभे राहून सांगण्याची. ज्या गावांना ती सवय होती, त्यांना हक्क मिळाल्यावर ते वापरता आले. ज्यांनी ती सोडली, त्यांचे हक्क काही घराण्यांची मिरासदारी होऊन बसले. म्हणून कोणत्याही नगरपालिकेची पारख तिच्या प्रमुखाच्या पदवीवरून करू नये. तिचा हिशेब सामान्य नागरिकाला किती सहज पाहता येतो, यावरून करावी.