कमळाच्या पानावरचं दशक

पीएफएएस जातीच्या फ्लोरिनयुक्त रसायनांचं उत्पादन 2025 अखेर थांबवू, असं थ्रीएम कंपनीनं डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलं. ती मुदत आता उलटली. निर्णय योग्यच, कारण ही रसायनं माती-पाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहतात. तरी मला तो लागला. बर्फ न धरणाऱ्या लेपांचं सगळ्यात गाजलेलं स्वप्न याच जातीच्या तेलावर उभं होतं.

आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडात बर्फ दिसतो तो महाशिवरात्रीच्या यात्रेत, गोळ्याच्या गाडीवर. पण या लेपांचं मूळ आमच्या मालगुजारी (जमीनदारी काळातल्या) तलावांत वाढणाऱ्या कमळाच्या पानात होतं, म्हणून मी ही गोष्ट सोडली नाही.

बर्फ हटवण्याची कमळाआधीची साठ वर्षं कंटाळवाणी. विमानाच्या पंखांवर फुगणारं रबर, मग गरम हवा, मग ग्लायकॉलचे फवारे. 1997 मध्ये बॉनच्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी कमळाचं गुपित उलगडलं: पानावर सूक्ष्म उंचवटे, त्यांवर मेणाचे कण, मध्ये अडकलेली हवा. थेंब टेकतच नाही, घरंगळतो.

खरी धमाल 2009 नंतरची. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात वेंकटेश्वर राव यांच्या एअर ग्लास प्रयोगशाळेत सिलिकाचे पाणी झटकणारे थर तयार होत होते, ते वाचून ऊर भरून यायचा. मग प्रत्येक परिसंवादात कुणीतरी उठून सांगू लागलं, की पाणी टिकत नाही तिथं बर्फ कसला धरतोय! टाळ्या पडायच्या. 2010 मध्येच एमआयटीच्या कृपा वाराणसी यांच्या गटानं दाखवलं होतं, की दमट थंडीत हिमकण त्या उंचवट्यांच्या फटींतच उगवतात आणि बर्फ उलट घट्ट रुततो. पण टाळ्या घेणाऱ्यांना तो निबंध वाचायला सवड नव्हती. थेंब उडतानाच्या चित्रफिती दाखवून अनुदानं मिळत होती ना!

2011 मध्ये हार्वर्डच्या जोॲना आयझेनबर्ग यांच्या गटानं कमळ सोडून घटपर्णी ही कीटकभक्षी वनस्पती धरली. सच्छिद्र पृष्ठभागात तेल मुरवायचं, म्हणजे बर्फाला पकड मिळत नाही. कल्पना देखणी, पण तेल हळूहळू निघून जायचं, आणि ते तेल फ्लोरिनचं. 2016 मध्ये मिशिगनच्या अनीश तुतेजा यांच्या गटानं मऊ रबरी लेपांवर काम केलं. उघड्या धातूवरचा बर्फ सरकवायला शेकडो किलोपास्कल लागतात. वीसच्या खाली आलं, की तो वाऱ्यानं किंवा स्वतःच्या वजनानं सुटतो. तिथवर ते पोचले. याची मात्र परिसंवादांत फारशी चर्चा झाली नाही. रबर दिसायला कमळाइतकं सुंदर नसतं.

एवढं होऊनही फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासच्या अनेक पवनचक्क्या गोठल्या. विमानतळांवर ग्लायकॉल आजही फवारलं जातं. आता नवा लेप घेऊन कुणी आलं, तर मी तीनच गोष्टी विचारतो: किती वेळा गोठवून वितळवला, दमट हवेत तपासला का, आणि त्यात कोणतं तेल आहे? उत्तरं नसतील, तर चित्रफीत दाखवू नये.