डेट्रॉइटचे वार्तापत्र : अठ्ठाविसावा गडी

जालन्याच्या वाचकांना ४५१ हा आकडा समजावून सांगायला नको. २०११ साली कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध आपल्या विजय झोलने नाबाद ४५१ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ ला एकच कमी. पण १९ वर्षांखालच्या स्पर्धेतला डाव म्हणून प्रथम श्रेणीच्या यादीत तो नाही. त्याआधी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर खेळत असताना काठियावाडने सामनाच सोडून दिला. विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या.

थोडक्यात हुकलेल्या अशा कामगिरीवर अमेरिकन माणूस वर्षानुवर्षे बोलत राहतो. बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, पूर्ण सामन्यात एकही हिट (फलंदाजाने फटक्याच्या जोरावर बेस गाठणं) देत नाही तेव्हा तो नो-हिटर. चार चेंडू बाहेर पडले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. अशा वॉकने किंवा क्षेत्ररक्षकाच्या चुकीने कुणी बेसवर पोहोचला तरी नो-हिटर टिकतो. २७ च्या २७ जण ओळीने बाद झाले आणि बेसवर कुणीच पोहोचला नाही, तर परफेक्ट गेम.

२ जून २०१० च्या रात्री इथल्या कोमेरिका पार्कवर डेट्रॉइट टायगर्सच्या अर्मांडो गॅलरागाने क्लीव्हलँडचे २६ जण ओळीने बाद केले होते. शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात तोवर परफेक्ट गेम झाले होते फक्त २०. सत्ताविसाव्याने चेंडू जमिनीलगत मारला, मिगेल काब्रेराने तो अडवून पहिल्या बेसवर धावत आलेल्या गॅलरागाकडे फेकला. फलंदाज स्पष्ट बाद होता. पंच जिम जॉयस यांनी त्याला नाबाद ठरवलं. गॅलरागा किंचित हसला, परत जागेवर गेला आणि पुढच्याला बाद करून सामना संपवला. म्हणून इथले लोक याला २८ गड्यांचा सामना म्हणतात. जॉयस यांनी त्याच रात्री चित्रण पाहून जाहीरपणे चूक कबूल केली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी त्यांच्या हाती द्यायला गॅलरागाच आला. जॉयस यांना अश्रू आवरले नाहीत. पण आयुक्त बड सेलिग यांनी निकाल बदलला नाही. असे निर्णय चित्रण पाहून बदलण्याची सोय आली ती २०१४ मध्ये.

त्याच महिन्यात, २५ जूनला, ॲरिझोनाच्या एडविन जॅक्सनने टँपा बेविरुद्ध नो-हिटर केला. त्याला लागले १४९ चेंडू, आणि आठ वॉक त्याने दिले. गॅलरागाने ८८ चेंडूंत काम संपवलं, एकही वॉक न देता. तरी नो-हिटरच्या यादीत जॅक्सन आहे, गॅलरागा नाही.

बिल जेम्स या अभ्यासकाने पिचरची कामगिरी मोजायला एक हिशेब बसवला. ५० गुणांपासून सुरुवात. बाद केलेल्या गड्यांचे गुण वाढतात, हिट, धावा आणि वॉकचे कापले जातात. त्यात गॅलरागाला ८८ मिळतात, जॅक्सनला ८५. १९९८ मध्ये वीस वर्षांच्या केरी वुडने शिकागोत २० जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, आणि एक हिट दिली. नो-हिटर हुकला, पण त्याचे गुण १०५ होतात.

हार्वी हॅडिक्सचं दुःख मला सर्वांत मोठं वाटतं. १९५९ मध्ये त्याने १२ इनिंग, म्हणजे ३६ गडी ओळीने बाद केले आणि तेराव्यात सामना १-० ने हरला. १९९१ साली नो-हिटरची व्याख्या कडक झाली, आणि त्याचं नाव यादीतून गेलं. हे मला मान्य नाही. यादीला नियम लागतो, हे खरं. पण पिचरच्या हातात असतं तेवढं सगळं हॅडिक्सने केलं होतं.

जालन्यात मुलांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. उत्कृष्ट गोलंदाज निवडताना फक्त बळींचा रकाना बघू नका. त्याच्या चेंडूंवर किती झेल सुटले, याचीही नोंद स्कोअररकडून करून घ्या आणि बक्षीस ठरवणाऱ्यांसमोर ठेवा.