थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतरचे पेटके

संपूर्ण थायरॉइड काढण्याची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडते आणि रुग्ण दोन दिवसांत घरी जातो. तिसऱ्या दिवशी ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागतात, पोटऱ्यांत गोळे येतात. घरची मंडळी अशक्तपणा समजून लिंबाचे सरबत देतात. धार-खरगोनकडून इंदूरला येणाऱ्या रुग्णांबाबत मला शस्त्रक्रियेपेक्षा या तिसऱ्या दिवसाची चिंता अधिक वाटते.

थायरॉइडच्या मागील बाजूस मसुराएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये मानवी शरीरातील या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. रक्तातील कॅल्शियम दर शंभर मिलिलिटरला साधारणतः ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम राखणे हे त्यांचे कार्य. शस्त्रक्रियेत कितीही जपले तरी त्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दुखावू शकतात आणि ग्रंथी काही काळ मंदावतात. कॅल्शियम दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास तळ गाठते. मज्जातंतू अकारण चेतवले जातात व स्नायूंना पेटके येतात.

उपचार सोपा आहे, पण वेळा पाळाव्या लागतात. कॅल्शियम कार्बोनेट विरघळण्यास जठरातील आम्ल लागते, म्हणून ते जेवणासोबत घ्यावे. आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असल्यास सायट्रेट बरे. थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी. एकत्र घेतल्यास थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही. साधे 'ड' जीवनसत्त्व मूत्रपिंडात कार्यक्षम होण्यास पॅराथायरॉइडचे संप्रेरक हवे असते. तेच कमी पडल्याने कॅल्सिट्रिऑल द्यावे लागते. पुरेशा औषधानेही कॅल्शियम वाढत नसेल, तर मॅग्नेशियम अवश्य तपासावे.

हाताची बोटे आखडणे, श्वास घेताना घशातून आवाज येणे, झटके येणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी घरी गोळ्या देत न बसता रुग्णालय गाठावे. तेथे हृदयालेखावर लक्ष ठेवून शिरेतून सावकाश कॅल्शियम देता येते.

बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतात. थोड्यांना मात्र औषध कायमचे लागते. बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत, तशाच तपासणीविना वर्षानुवर्षे चालूही ठेवू नयेत. अतिरिक्त कॅल्शियमने मूत्रपिंडास इजा होते.

समव्यवसायी मित्रांस माझी एवढीच विनंती आहे, की रुग्णास घरी पाठवताना त्याच्या कागदावर मराठीत वा हिंदीत ठळक लिहावे: 'मुंग्या आल्यास त्याच दिवशी कॅल्शियम तपासा.'