१७१ ग्रॅमचं इंजिन

डब्ल्यूडीएम-२ जातीच्या डिझेल इंजिनाचं वजन ११२.८ टन. त्याची लांबी, रुंदी आणि उंची ८७ पटींनी कमी केली आणि आत-बाहेर सगळं तेच ठेवलं, तर वजन किती भरेल? घाईत सव्वा टन असं उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. खरं उत्तर १७१ ग्रॅम, म्हणजे एखाद्या मोबाइल फोनएवढं. तिन्ही मापं ८७ पटींनी घटली की घनफळ ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे ६,५८,५०३ पटींनी घटतं आणि वजन त्याच्यामागे जातं.

८७ हा आकडा मनाचा नाही. मॉडेल रेल्वेच्या जगात सर्वांत जास्त चालणारं एचओ हे प्रमाण १:८७ आहे. जुनी मॉडेल इंजिनं दुरुस्त करणाऱ्याला सतावणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ या वजनाच्या हिशेबात सापडतं. इंजिन लहान करता येतं. त्याच्या चाकाखालची धूळ, हवेतला दमटपणा आणि धातूचे अणू मात्र लहान होत नाहीत.

खऱ्या इंजिनांची दुरुस्ती मुंबईत कुठे होते, हे परळकरांना सांगायला नको. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. जीआयपीच्या इंजिनांची देखभाल सुरुवातीला भायखळ्याला होई. १८७९ मध्ये परळचं वर्कशॉप उभं राहिलं. लोअर परळला शेजारच्या कंपनीचं, म्हणजे आताच्या पश्चिम रेल्वेचं डब्यांचं वर्कशॉप आहे. आसपासच्या गिरण्यांमध्येही स्वतःचे फिटर, टर्नर आणि लेथ असत. धातूला हात लावून त्याचं दुखणं ओळखणारी माणसं या भागात चाळीचाळींत होती. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हातात चोरबाजारातून आणलेलं, बंद पडलेलं हॉर्नबी कंपनीचं मॉडेल इंजिन ठेवलं असतं तर काय झालं असतं? त्याचं निम्मं ज्ञान लगेच कामी आलं असतं आणि उरलेल्या निम्म्याने त्याला चकवलं असतं.

आधी उपयोगी पडणारं ज्ञान पाहू. वाफेच्या इंजिनाच्या दोन बाजूंच्या क्रँकमध्ये नव्वद अंशांचा कोन ठेवलेला असतो. एका बाजूचा दट्ट्या टोकाला जाऊन अडला, तर दुसऱ्या बाजूचा पूर्ण जोरात असतो. त्यामुळे इंजिन कुठल्याही स्थितीतून सुटू शकतं. चाक आसावर दाबून बसवताना हा कोन चुकला, तर जोडदांडे अडकतात. जुन्या मॉडेलमध्येही हाच दोष वारंवार दिसतो. वर्षानुवर्षांच्या वापराने एखादं चाक आसावर किंचित फिरतं आणि दर फेरीला एकाच जागी इंजिन लंगडतं.

गंमत अशी, की दुखणं एकच असलं तरी बळाची वाट उलटी आहे. खऱ्या इंजिनात वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांड्याला आणि दांडा चाकाला. मॉडेलमध्ये मोटर चाक फिरवते आणि चाकामुळे दांडा हलतो. दांडा इथे बहुतांशी शोभेचा. म्हणून दांडे काढून इंजिन नुसतं फिरवून बघणं, ही मॉडेल दुरुस्तीतली पहिली तपासणी. दांड्यांशिवाय सुरळीत फिरलं, तर दोष कोनात किंवा दांड्यात आहे. तरीही अडखळलं, तर दोष त्याच्याही आधी, मोटरमध्ये किंवा गिअरमध्ये.

वळणांची कथाही अशीच. एचओ रुळांचं सर्वांत लहान नेहमीचं वळण साधारण ३६० मिलिमीटर त्रिज्येचं. ते ८७ने गुणलं तर ३१ मीटर होतं. भारतीय ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा तीव्र वळण सहसा चालत नाही. खेळण्यातलं इंजिन जेवणाच्या टेबलावर वळतं, ते मधल्या चाकांची कड काढून टाकल्यामुळे किंवा आसांना आडवी हालचाल ठेवल्यामुळे. हा काही खेळणीवाल्यांचाच शोध नाही. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची इंजिनं आली. त्यांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते. पोकळ आसाच्या आत दुसरा भक्कम आस असे. त्यामुळे चाकं दांड्यांना जोडलेली राहूनही घाटातल्या वळणावर थोडी तिरपी होऊ शकत. त्यांपैकी ७३८ क्रमांकाचं इंजिन आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. पुढे परळ वर्कशॉपनेही माथेरानच्या दोन फुटी मार्गासाठी डिझेल इंजिनं तयार केली.

रुळांच्या रुंदीत भारतीय हौशी लोकांची फार अडचण होते. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ प्रमाणात ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवं. पण जगभर विकले जाणारे एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या मापावर बेतले आहेत. त्यामुळे परळला दिसणारं इंजिन त्या रुळांवर बसवलं, की एक तर वरचा भाग रुळांपेक्षा मोठा वाटतो, नाहीतर सगळं इंजिन १:१०२ करावं लागतं. ब्रिटिश मंडळींनी तर ४ मिलिमीटरला एक फूट असं प्रमाण घेऊनही रूळ १६.५चेच ठेवले. त्यांची गाडी त्यामुळे कायमच अरुंद रुळांवर रुंद बसलेली दिसते. पुण्याच्या कोथरूडमध्ये १९९८ पासून सुरू असलेल्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात जाणाऱ्यांनी मॉडेलचे रूळ जरूर निरखून बघावेत.

आता जिथे वर्कशॉपचा अनुभव चकवतो, तिथे येऊ.

मुंबईच्या लोकलसाठी ३ फेब्रुवारी १९२५ पासून वीज आली ती १५०० व्होल्ट डीसी. हॉर्नबीची डब्लो मालिका १९३८ मध्ये बाजारात आली, तिला १२ व्होल्ट डीसी लागत असे. दोन्हींच्या मोटरींत फिरणारं आर्मेचर, त्याच्यावरचा कम्युटेटर आणि त्याला वीज पोचवणारे कार्बन ब्रश. पण खऱ्या गाडीच्या पँटोग्राफवर तेव्हा १५०० व्होल्ट असत आणि परतीचा प्रवाह टनावारी वजनाने दाबलेल्या चाकांमधून रुळात जाई. मॉडेलच्या एका चाकावर जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम भार आणि दाब फक्त १२ व्होल्टचा. रुळावर ऑक्साइडचा किंवा तेलाचा पातळसा थर असला, तर तो फोडण्याइतकी ताकद ना वजनात असते, ना विजेत. त्यात धूळ. ५० मायक्रॉनचा कण मॉडेलच्या चाकाखाली येतो, तेव्हा ८७च्या हिशेबाने तो खऱ्या चाकाखाली आलेल्या सव्वाचार मिलिमीटरच्या खड्यासारखा असतो.

मग वीज तुटल्यावर इंजिन घसरत पुढे का जात नाही? त्याचं उत्तर गतिज ऊर्जेत आहे. वस्तुमान ८७च्या घनाने कमी झालेलं असतं. वेगही प्रमाणात ८७ पटींनी कमी आणि ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून. सगळं मिळून ऊर्जा ८७च्या पाचव्या घाताने, म्हणजे जवळजवळ ५०० कोटी पटींनी घटते. खरी लोकल वीज तुटली तरी पुढे सरकत राहते. मॉडेल एका काळ्या ठिपक्यावर गच्च थांबतं. म्हणून मोटरच्या आसावर लहानसं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील बसवलेली नंतरच्या काळातली मॉडेलं इतकी सुरेख चालतात.

जुन्या मॉडेलची मोटर उघडल्यावर पहिला संशय चुंबकावर घ्यावा. टोकुशिची मिशिमा या जपानी संशोधकाने १९३१ मध्ये निकेल आणि ॲल्युमिनियम मिसळलेलं पोलादी चुंबक शोधलं. त्याच कुळातलं अल्निको हे चुंबक पुढे खेळण्यांच्या मोटरींत गेलं. त्याच्यात चुंबकत्व भरपूर असतं, पण ते टिकवून धरायची चिकाटी कमी. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लोखंडाचं आर्मेचर असतं तोवर ठीक. ते काढून चुंबक नुसतं टेबलावर ठेवलं, की स्वतःचंच क्षेत्र उलट्या दिशेने काम करून त्याचं बळ ओढून घेतं. हौशी माणूस मोटर स्वच्छ करायला खोलतो आणि नकळत तिला आणखी दुबळं करून बंद करतो.

चुंबक दुबळं झालं की मोटर सावकाश फिरेल, असं वाटणं साहजिक आहे. मोकळी फिरताना ती उलट अधिक वेगाने फिरते. फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये उलटा विद्युतदाब तयार होतो आणि तो येणाऱ्या प्रवाहाला आवर घालतो. चुंबक कमजोर म्हणजे हा आवर कमी, म्हणजे प्रवाह जास्त. डबे जोडले की मात्र जोर पुरत नाही, मोटर तापते आणि ब्रशांवर ठिणग्या दिसू लागतात. म्हणून जाणकार दुरुस्तीवाला इंजिन किती जोरात पळतं ते बघत नाही, ते किती ॲम्पिअर घेतं ते बघतो. लॅमिंग्टन रोडवर मिळणारं साधं मल्टिमीटर त्यासाठी पुरतं. उपाय दोन आहेत. जुन्या चुंबकाला क्षणभर प्रचंड क्षेत्रात ठेवून पुन्हा चुंबकत्व भरायचं, किंवा १९८०च्या दशकात आलेल्या निओडिमियमच्या लहान वड्या बसवायच्या. दुसरा उपाय सोपा. मला तो मोटर बदलल्यासारखाच वाटतो, पण इंजिन धावतं करायचं असेल तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

आर्मेचरची तपासणीही त्याच मल्टिमीटरने. तीन गुंडाळ्या, कम्युटेटरचे तीन तुकडे. दोन-दोन तुकड्यांमधला रोध मोजला, तर तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एखादा वेगळा आला तर तार तुटली आहे किंवा लाखेचं आवरण जळलं आहे. तुकड्यांमधल्या फटीत कार्बनची पूड साचली की ती तुकडे एकमेकांना जोडते. टोकदार लाकडी काडीने ती काढावी. सुई घातली तर तांब्यावर ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यात पुढची पूड साचते.

दिशा बदलण्याची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. कायमचुंबकाच्या मोटरीत तारा उलट्या केल्या की इंजिन उलटं चालतं. गोपिंगेनच्या मार्कलिन कंपनीच्या गाड्या मात्र एसीवर चालत आणि त्यांत चुंबकाच्या जागीही गुंडाळीच असे. तारा उलटल्या तर दोन्ही गुंडाळ्यांतला प्रवाह एकदमच उलटतो आणि दिशा बदलत नाही. मग त्यांनी जास्त व्होल्टेजचा एक झटका देऊन उलटणारा रिले इंजिनाच्या पोटात बसवला. जुनं मार्कलिन दिशा बदलताना मोठ्याने टकटकतं, ते या रिलेमुळे. ते डीसीच्या रुळांवर ठेवून ‘मोटर जळली’ असा निकाल देणारे लोक मी पाहिले आहेत.

सर्वांत वाईट आजार मोटरचा नसून धातूचा आहे. इंजिनाची चौकट आणि चाकं ज्या जस्ताच्या मिश्रधातूची ओतली जात, त्याला ब्रिटनमध्ये मझाक म्हणत. त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असतं. त्यात शिसं थोडंही जास्त गेलं, तर ते घन जस्तात विरघळत नाही, स्फटिकांच्या सीमांवर जमतं. तिथून दमट हवा आत शिरून सीमा कुरतडते. गंजाचं घनफळ धातूपेक्षा जास्त असल्याने चौकट फुगते, वाकते, भेगाळते आणि शेवटी बोटांत तिचा भुगा होतो. १९२०च्या दशकाअखेरीस न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरून हा दोष टाळला. पण कारखान्यात कधी भंगारातलं शिसं मिसळलं गेलं, की तो परत आला. म्हणूनच दोन सारख्या इंजिनांपैकी एक धडधाकट आणि दुसरं भुगा, असं दिसतं.

हा रोग एका इंजिनातून दुसऱ्यात पसरत नाही. वरून रंग लावला म्हणून थांबतही नाही, कारण शिसं ओतीव धातूच्या पोटात आहे. उष्णता आणि दमटपणा त्याला वेग देतात, आणि जुलैतली मुंबईची हवा ८० टक्क्यांवर आर्द्र असते. लंडनच्या कपाटात अजून दहा वर्षं टिकली असती ती चौकट परळच्या माळ्यावर लवकर मोडते. बंद डब्यात सिलिका जेल ठेवलं तर वेग कमी होतो, एवढंच. मोडलेल्या भागाची जागा रेझिनच्या ओतकामाने किंवा थ्रीडी प्रिंटरने भरावी लागते. इंजिन फोममध्ये गुंडाळून ठेवण्याची चूकही इथे महागात पडते. उष्ण हवेत पॉलियुरेथेनचा फोम चिकट होऊन रंगाला धरतो आणि काढताना रंग घेऊनच निघतो.

रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे: पत्र्यावर छापलेला मूळ रंग टवके उडाले असले तरी ठेवावा. नवा चकचकीत रंग दिलेलं १९३०चं इंजिन हे १९३०चं दिसत नाही. शिवाय जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. ते घासताना उडणारी पूड श्वासात जाते आणि मुलांच्या हातालाही लागते. तेव्हा कोरडं घासणं टाळलेलं बरं.

सुटे भाग मात्र बाहेरून मागवण्याआधी इथे शोधावेत. ब्रश झिजले की लोक मिक्सरचा ब्रश कानशीने घासून बसवतात आणि इंजिन अडखळू लागलं की चक्रावतात. मिक्सरचा ब्रश २३० व्होल्टवर चालणारा, जवळजवळ निव्वळ कार्बनचा. त्यात आणि त्याच्या स्पर्शात एखादा व्होल्ट गेला तरी तिथे कुणाला कळत नाही. १२ व्होल्टच्या मोटरीत तोच व्होल्ट फार मोठा असतो. म्हणून कमी व्होल्टेजच्या ब्रशमध्ये तांब्याची भुकटी मिसळलेली असते. मोटारगाडीच्या वायपर मोटरीचा ब्रश तसा असतो. तो हवा तेवढा घासून बसवावा, पहिला काही वेळ इंजिन डबे न जोडता, सहा-सात व्होल्टवर, दोन्ही दिशांना फिरवावं. ब्रशाचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईला बसलं की ठिणग्या कमी होतात आणि मल्टिमीटरवरचा प्रवाह खाली येतो. आकडा स्थिर झाला, की मग डबे जोडावेत.